दारवाला पिक्चर

नवऱ्यावर संशय घेणं सोपं असतं, तो टिकवणं अवघड. जयगडातल्या बाकीच्या बायका संशय घेत, दोन दिवस भांडी आपटत आणि तिसऱ्या दिवशी बांगड्याचं तिखलं करून मोकळ्या होत. यमुनाबाईंचं तसं नव्हतं. त्यांनी आपला संशय चाळीसहून जास्त वर्षं लोणच्यासारखा मुरवला होता. बरणीत भरून, वर फडक्याचा दादरा बांधून, अधूनमधून ऊन दाखवून. त्याला कधी बुरशी येऊ दिली नव्हती.

संशय असा होता. गंगाराम तेव्हा मालवाहू बोटीवर खलाशी. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं, आणि लांबची सफर संपवून तो नुकताच घरी आला होता. रत्नागिरीला थेटरात एक इंग्रजी पिक्चर लागला, आभाळात जाणाऱ्या यानाचा. त्याचा दोस्त महिपत आणि वाडीतले आणखी काही जण बघायला निघाले, त्यांच्यासोबत हाही गेला. संध्याकाळचा खेळ.

त्या काळी पिक्चर बघायची जयगडकरांची एक रीत होती. जयगडला जाणारी शेवटची एसटी खेळ संपायच्या आत सुटायची. त्यामुळे पडद्यावर नायिका कड्याला लोंबकळत असो नाहीतर नायक फाशीच्या तख्तावर उभा असो, गाडीची वेळ झाली की जयगडकर एकजात उठायचे, अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत, शिव्या खात, स्टँडकडे धावत सुटायचे. दोन पिढ्यांनी असे शेकडो पिक्चर पाहिले, पण शेवट एकाचाही पाहिला नाही. खलनायक शेवटी मार खातो ही बातमी जयगडात टीव्ही आल्यावर पोचली, आणि तेव्हाही पुष्कळांना ती पटली नाही.

त्या दिवशीही सगळे उठले, धावले, गाडीत बसले. गंगाराम बसला नाही. तो उगवला दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने. डोळे तांबडे, सदरा चुरगळलेला.

"कुठे होतात?" यमुनाबाईंनी विचारलं.

"पिक्चर शेवटपर्यंत बघितला. गाडी चुकली."

कित्येक महिने पाण्यावर काढून आलेला नवरा, घरात नवी बायको, आणि हा म्हणे पिक्चरचा शेवट बघत बसला! बरं, त्या थेटराच्या तिकिटाच्या खिडकीत हेमा नावाची एक मुलगी बसायची. गंगारामला ती रांगेबाहेर तिकीट काढून देते, हे महिपतने लग्नाच्या मांडवातच कौतुकाने सांगून ठेवलं होतं. यमुनाबाईंना आणखी काही कळायची गरज उरली नाही. बरणी भरली ती त्या सकाळी.

वाडीला मात्र वेगळीच चिंता. त्या पिक्चरमध्ये शनीच्याही पलीकडे चाललेलं यान, आत पाच माणसं, पाचही जण टेबलाशी जेवायला बसलेली. आणि बाहेरून दार वाजतं. मैलोन्‌मैल माणूस नाही, झाड नाही, हवासुद्धा नाही, आणि दार वाजतं. मग दुसऱ्या अर्ध्यात, उघडायचं की नाही यावरून पाच जणांची भांडणं. भांडणं रंगात आली, छतावरचा लाल दिवा भगभगायला लागला आणि जयगडकरांच्या एसटीची वेळ झाली. दारात कोण होतं, हे अख्ख्या गावात एकट्या गंगारामला ठाऊक. त्या पिक्चरचं इंग्रजी नाव कुणाच्या जिभेला झेपलं नाही, त्याला 'दारवाला पिक्चर' म्हणू लागले.

आणि गंगाराम सांगायचा. काय सांगायचा! पहिल्या वर्षी दारात परी होती, अंगावर चांदण्यांचं लुगडं. लेकीचा, नम्रताचा, जन्म झाला त्या साली दारात दुपट्यात गुंडाळलेलं मूल होतं. गावात जमिनींची मोजणी सुरू झाली तेव्हा दारात तलाठी होता, सातबारा मागायला आलेला. करोनात तर तोंडाला फडकं बांधून कपाळाला ताप मोजायचं पिस्तूल लावणारी आशाताई होती. "आदल्या खेपेला वेगळं सांगितलंत," असं कुणी म्हणालं, तर गंगाराम शांतपणे म्हणायचा, "इंग्रजी पिक्चर हाय. एका बैठकीत सगळा कळत नाय."

यमुनाबाई आतून हे ऐकत आणि माशाचं डोकं जरा जास्तच जोरात उडवीत.

तर यंदा, आंब्याला मोहोर धरला त्या सुमाराला, नम्रताचा रत्नागिरीहून फोन आला. ती तिथे बँकेत होती आणि आईबापांना महिन्यातून एकदा शहराची हवा दाखवणं हे आपलं कर्तव्य समजत होती.

"आई, बाबांचा तो दारवाला पिक्चर परत आलाय! जुनी प्रत धुऊनपुसून नवी केलीय. मल्टिप्लेक्सला रविवारी दुपारचा खेळ, आणि हिंदीत. तुलाही कळेल."

यमुनाबाईंच्या हातातला पळा तसाच राहिला. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली तो साक्षीदार आपल्या पायांनी चालत आला होता. शेवट आपल्या डोळ्यांनी बघायचा. यांनी सांगितलेल्यातलं एक जरी त्यात निघालं, तर हा माणूस त्या रात्री थेटरात होता. आणि नाही निघालं, तर मग हेमा!

"अहो," त्या ओटीवर येऊन म्हणाल्या, "तुमचा पिक्चर लागलाय."

गंगाराम जाळं शिवत होता. सुई थांबली. "कुठला?"

"दारवाला. रविवारी जायचंय."

"रविवारी? रविवारी मोहोरावर फवारणी."

"आपली कलमं तीन. तीन कलमांना रविवार कशाला?"

"गुडघा धरलाय गो."

"तिथे उभं राहून बघायचा नाय. खुर्च्या आहेत."

"एकदा बघितलेला पिक्चर परत काय बघायचा? मी सांगतो ना तुला. दार उघडतं, आणि..."

"सांगू नका!" यमुनाबाई अशा ओरडल्या की अंगणातली कोंबडी पडवीच्या पत्र्यावर गेली. "ह्या वेळी मी बघणार. तुमच्या शेजारी बसून बघणार."

गंगारामने मग आणखी बरीच कारणं काढली. थंडगार हवेने छाती भरते, अंधारात पाकीट मारतात, नव्या खुर्च्या माणसाला गिळतात. पण तोवर बातमी महिपतपर्यंत गेली होती, आणि महिपतपर्यंत गेलेली बातमी संध्याकाळपर्यंत मालगुंडच्या पुढे जाते. रविवारी सकाळी दारात भाड्याची गाडी उभी राहिली आणि तीत वाडीतली सगळी जुनी खोडं कानटोप्या घालून बसलेली होती.

"चल गंग्या," महिपत खिडकीतून म्हणाला. "आज समोरासमोर होऊन जाऊ दे. तलाठी का परी, एकदा कळू दे."

"वहिनी," मागून कुणीतरी म्हणालं, "तुम्ही पुढे बसा. आज तुमच्या घरचा पिक्चर."

वाटेत सगळ्यांची जीभ चालू, एकट्या गंगारामची बंद. यमुनाबाईंनी ते बघितलं आणि बरणीचा दादरा मनातल्या मनात सैल केला.

खेळ शहरातल्या चित्रपट मंडळाने घेतला होता आणि मंडळ म्हणजे चारुदत्त सर. कॉलेजातून निवृत्त झालेले, खांद्याला झोळी, आणि हातात माईक आला की तो परत न देण्याबद्दल प्रसिद्ध. पिक्चर सुरू व्हायच्या आधी ते पुढे उभे राहिले ते राहिलेच. हिंदी प्रत आल्याबद्दल त्यांनी आधी दुःख व्यक्त केलं, मग माणसाच्या एकटेपणावर आले, तिथून विश्वाच्या पसाऱ्यावर गेले आणि कुठूनही परत येण्याचं चिन्ह दिसेना.

"या चित्रपटातल्या दाराकडे कृपया दार म्हणून बघू नका," ते म्हणाले.

"मग काय म्हणून बघू? खिडकी?" यमुनाबाई पुटपुटल्या. त्यांच्या मते पुटपुटल्या. मागच्या चार रांगा हसल्या.

"आई, हळू," नम्रता म्हणाली.

"काय हळू? पिक्चर बघायला बोलावलंन का कीर्तनाला?"

सर खाली बसेपर्यंत दोघा-तिघांची डुलकी पूर्ण झाली होती. मग अंधार झाला. मग आधी मंजनाची जाहिरात, मग पाइपांची, मग एका सोनाराची, मग परत पाइपांची. यमुनाबाईंची खुर्ची नम्रताने कसलंसं बटण दाबून आडवी केली. त्या आभाळाकडे पाय करून पडल्या आणि दोन माणसांनी ओढल्यावर उठल्या. पुढच्या रांगेत एक जण फोन लावून बसला होता, त्याचा उजेड थेट डोळ्यात. शेजारी मक्याच्या लाह्यांची बादली, तिचं कुरकुर कुरकुर.

"अहो भाऊ," त्या पुढच्याला म्हणाल्या, "घरी जाऊन बघा तो फोन. हवं तर मी एसटीचे पैसे देते."

अखेर यान दिसलं. आणि गंमत अशी की यान दिसताच गंगाराम खुलला. पहिल्या अर्ध्यात तो जणू त्या यानावरच्या खलाशांचा सारंगच होता. "आता बघ, तो दाढीवाला उठेल." दाढीवाला उठायचा. "आता ती बाई भिंतीवर चालेल." बाई चालायची. महिपत मागून "वा रे वा" करीत होता. यमुनाबाई पडदा सोडून नवऱ्याकडे बघू लागल्या. सगळं बरोबर सांगतोय हा माणूस. म्हणजे थेटरातच होता की काय? एवढी वर्षं मी उगाच...? त्यांना तो विचारच आवडला नाही. एखादं जुनं भांडं कुणी न विचारता घासून ठेवावं तसं वाटलं.

मग ती पाच माणसं टेबलाशी बसली. जेवणाच्या नळ्या काढल्या. एकाने काही विनोद केला, सगळे हसले.

आणि दार वाजलं.

जुन्या थेटरात तो आवाज पडद्यातून आला असेल. इथे तो मागून आला, भिंतीतून, खुर्चीखालून. लोखंडावर काहीतरी आपटावं तसा, ठण्ण. थोडं थांबून परत, ठण्ण. नम्रताने किंचाळी मारली. पुढच्याचा फोन खाली पडला, हे एक बरं झालं. यमुनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. गंगारामने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट पकडले होते आणि तो पडद्याकडे बघत नव्हता. खाली, आपल्या पायांकडे बघत होता.

दिवे लागले. मध्यंतर.

"पाय मोकळे करून येतो," तो म्हणाला आणि लोकांच्या पायांवरून वाट काढत गेला.

मध्यंतर संपलं. दिवे मावळले. शेजारची खुर्ची रिकामीच.

"बाबा कुठे गेले?" नम्रता कुजबुजली. "बघून येऊ का?"

यमुनाबाईंच्या मनात तेव्हा जे काही झालं त्याला तुफान म्हणता येईल. उठून शोधायला जावं, तर शेवट जातो. बसावं, तर नवरा जातो. आणि नवरा गेला कुठे? शहर तेच, दुपारची वेळ, हेमा जवळच राहते. तिकिटाची खिडकी सोडल्यावर तिने बांगड्यांचं दुकान काढलं होतं, आणि त्या दुकानावरून जाताना यमुनाबाई गेली कित्येक वर्षं मान समुद्राच्या बाजूला वळवत आल्या होत्या, जरी त्या बाजूला समुद्र नव्हता.

"कुणी कुठे जायचं नाय," त्या म्हणाल्या. "मोठे आहेत ते. हरवायचे नाहीत. मी शेवट बघणार."

आणि त्या दात आवळून बघत राहिल्या. पाच जणांची भांडणं सुरू झाली. हिंदीत होती, त्यामुळे एकूण एक कळली आणि कळल्यामुळे जास्तच राग आला. उघडू या, नको उघडू या. एक म्हणतो ऑक्सिजन संपेल, एक म्हणतो पाहुणा असेल. यमुनाबाईंना वाटलं, यांच्यात एक बाई आहे, तिने एव्हाना आतून "कोण आहे?" असं विचारायला काय हरकत होती? भांडणं चढत गेली आणि छतावरचा लाल दिवा भगभगायला लागला.

त्याबरोबर मागे खळबळ झाली. महिपत उठला. त्याच्या शेजारचा उठला. एकेक करत सगळी कानटोप्यांची रांग उभी राहिली, पायांनी चपला चाचपडू लागली आणि "सरका, सरका" करत निघाली.

"काय झालं?" पुढून चारुदत्त सर ओरडले. "आग लागली का?"

"महिपतभाऊजी!" यमुनाबाई अंधारात कडाडल्या. "कुठे निघालात?"

"गाडी..." महिपत म्हणाला आणि मध्येच थांबला.

"कसली गाडी? भाड्याची गाडी खाली उभी हाय. तुमचा ड्रायव्हर तिथे भजी खातोय. एसटी गेली, कंडक्टर गेला, तुम्ही तेवढे राहिलात! बसा खाली!"

सगळं सभागृह हसायला लागलं. म्हातारे ओशाळून बसायला लागले, पण कुणाची खुर्ची कुठली ते कळेना. एकजण नम्रताच्या मांडीवर बसला, दुसऱ्याने आडव्या खुर्चीवर लोळण घेतली. ते सगळं निस्तरेपर्यंत पडद्यावर चार माणसं गप्प झाली होती आणि त्यांचा कप्तान एकटा दाराकडे चालला होता. यमुनाबाई पुढे सरसावल्या. कप्तानाने हात वर केला. कडीवर ठेवला. कडी हलली.

आणि पडदा काळा झाला. इंग्रजी नावं वर सरकू लागली.

"झालं?" यमुनाबाई म्हणाल्या. "नम्रता, वीज गेली का?"

"नाही आई. संपला."

"संपला कसा? दार कुठे उघडलंन त्याने?"

चारुदत्त सर भारावून उठून उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "आजी, हेच तर मोठेपण आहे! दिग्दर्शक उत्तर देत नाही. दारात कोण, ते आपण प्रत्येकानं ठरवायचं."

"ते आम्ही आमच्या घरी बसून ठरवतच होतो, एवढी वर्षं," यमुनाबाई म्हणाल्या. "त्याच्यासाठी इथवर कशाला बोलावलंत? उघडायचं नव्हतं तर वाजवलंन कशाला?"

सरांनी उत्तर द्यायला श्वास घेतला. तो सोडायच्या आत यमुनाबाई दारापर्यंत पोचल्या होत्या. कारण आता त्यांना सगळं लख्ख दिसत होतं. दार उघडतच नाही! ना परी, ना मूल, ना तलाठी. शेवट पाहिलेल्या माणसाने निदान एवढं तरी सांगितलं असतं. या गृहस्थाने शेवट पाहिलेलाच नाही. म्हणजे त्या रात्री थेटरात नव्हताच. बरणी फोडायची वेळ झाली होती, आणि पहिलं वाक्य कुठलं टाकावं याची त्या चालता चालता जुळवाजुळव करत होत्या.

बाहेरच्या दालनात लाह्यांच्या काउंटरपाशी घोळका जमला होता. लाह्या विकणाऱ्या दोन मुली, पहारेकरी, झाडूवाली, आणि पुढच्या खेळाला आलेली काही माणसं. मध्ये स्टुलावर गंगाराम.

"...आणि कप्तान कडी काढतो," तो सांगत होता, हात वर, कडीवर. "काढतो आणि बघतो तर दारात कोण? तोच! तोच कप्तान, पण म्हातारा. पांढरी दाढी बेंबीपर्यंत. म्हणतो, 'अरे, मला आत घे, मी मघाशी बाहेर राहिलो...'"

"बाप रे," लाह्यावाली म्हणाली.

"दार उघडतच नाय," यमुनाबाई मागून म्हणाल्या.

घोळका फाकला. गंगारामचा हात कडीवरच राहिला.

"मी बघितला शेवट. कडीवर हात, काळोख, संपलं. आता सांगा. त्या रात्री कुठे होतात?"

"अगो, इथे काय..."

"इथेच. हेमाकडे होतात ना?"

"कोण हेमा?" गंगारामने विचारलं. आणि वाईट असं, की त्याला खरोखरच आठवेना. ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मधे लाह्यावाली बोलली. "आजी, त्यांना ओरडू नका हो. मध्यंतरात आले ते भिंतीला धरून धरून आले. मी पाणी दिलं, स्टूल दिलं. म्हणाले, परत आत जायचं नाही मला. मग जरा बरं वाटल्यावर गोष्ट सांगायला लागले."

यमुनाबाईंनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. घोळका काय समजायचं ते समजून पांगला. त्या काउंटरला टेकून उभ्या राहिल्या.

"बोला."

गंगारामने हात मांडीवर ठेवले. मग बोलला, आणि त्याचे हात मांडीवरून हलले नाहीत. त्याचे हात हलत नाहीत अशी गोष्ट यमुनाबाईंनी जन्मात ऐकली नव्हती.

"पहिल्या बोटीवर होतो. पाण्याच्या टाकीत उतरवलं होतं मला. आतला गंज हातोडीने ठोकून काढायचा. कुणीतरी वरून झाकण लावलंन. आत कुणी नाय असं समजून. बोल्ट आवळले. मी वाजवत बसलो. हातोडीनेच. पण वर डेकवर सगळेच गंज ठोकत होते ना. सगळीकडे तसाच आवाज. माझा कुणाला कळणार?"

"मग?"

"मग जेवायला एक ताट उरलं. तेव्हा शोधायला लागले."

"आणि हे पिक्चरात..."

"तेच वाजलं. थेट तसंच. मध्यंतरात, मागे जाऊन बसतो असं ह्यांना सांगून उठलो आणि समुद्राकाठी जाऊन बसलो. मोकळ्यावर. रात्रीच्या गाडीत बसायला जमेना. पत्र्याचं दार लावतात ते. उजाडल्यावर आलो."

"आणि हे मला सांगता येत नव्हतं?"

"तू नवीन होतीस. मी तुला देवमाशाशी झुंजलो, वादळात डोलकाठीवर चढलो असं सांगून ठेवलेलं. आणि पिक्चरला घाबरून पळालो म्हणून सांगू?"

"दुसऱ्या बाईकडे गेलात असं मी समजले, ते चाललं?"

गंगारामने विचार केला. "त्यात निदान माझी पत होती," तो म्हणाला.

यमुनाबाईंनी कपाळाला हात लावला. संताप कुठून सुरू करावा तेच कळेना. "नम्रताच्या लग्नाचा चुडा भरायला मी चिपळूणला गेले! एसटीने! इथे समोर दुकान असून! ती बाई दर दिवाळीला रस्त्यात हसते, मी मान फिरवते. मानेचं दुखणं लागलंय मला त्यापायी! अहो, जन्मभर ढीगभर थापा सांगितल्यात. देवमासे काय, पऱ्या काय. आणि एकच गोष्ट खरी होती, नेमकी ती नाय सांगितलीत?"

"सांगण्यासारखं काय होतं त्यात? वाजवलं. कुणी ऐकलं नाय. मग ऐकलं. एवढंच."

 यमुनाबाईंनी काउंटरवरून पाण्याची बाटली घेतली, झाकण काढलं आणि त्याच्या हातात दिली. "प्या. आणि उठा. ड्रायव्हरची भजी संपली असतील."

परतीच्या गाडीत बरंच ओशाळलेपण होतं. म्हाताऱ्यांना आपण उठलो त्याची लाज, आणि उठण्याच्या गडबडीत शेवट परत हुकला त्याची वेगळी. शिरगाव गेलं. उन्हं उतरली होती, डाव्या बाजूला समुद्र चमकत होता. यमुनाबाईंनी ड्रायव्हरला सांगून आपल्याकडची खिडकी आणि नवऱ्याकडची खिडकी सताड उघडून घेतली होती. वाऱ्याने महिपतची कानटोपी उडाली तरी कुणाला बंद करू दिली नाही.

"गंग्या," महिपत शेवटी न राहवून म्हणाला, "वहिनी तर म्हणतात दार उघडतच नाय. मग मागच्या खेपेला दारात कोण होतं ते तुला कसं कळलं?"

 गंगारामने बायकोकडे पाहिलं. यमुनाबाई समोर बघत होत्या.

"सांगा," त्या म्हणाल्या. "खरं असेल तेच सांगा. टाकीतलं सांगा."

"टाकीतलं?" महिपतने विचारलं. "कसली टाकी?"

गंगारामने घसा साफ केला. सांगायला लागला. बोटीचं पोट, गंज, हातोडी, वरून पडलेलं झाकण. हात मांडीवर. साधं, सपाट, जसंच्या तसं. यमुनाबाई ऐकत होत्या आणि त्यांना थोडं बरं वाटायला लागलं होतं. निदान एक तरी.

आरे-वाऱ्याचा घाट लागला. गाडी वळली, आणि वळणावर गंगारामचा उजवा हात मांडीवरून किंचित वर उचलला गेला.

"...तर काळोख असा की डोळे उघडे का मिटलेले ते कळू नये. मी वाजवतोय. आणि वाजवता वाजवता माझ्या लक्षात आलं," त्याने आवाज खाली आणला, "की टाकीत मी एकटा नाय."

"काय सांगतोस!" महिपत म्हणाला. मागच्या बाकावरच्या सगळ्या माना पुढे आल्या. ड्रायव्हरने गाडीचा वेग कमी केला.

खरी गोष्ट आरे-वारेसुद्धा ओलांडू शकली नव्हती. यमुनाबाईंनी डोळे मिटले, दात आवळले, नवऱ्याच्या सात पिढ्या मनात उद्धरून झाल्या. टाकीत कुणीही नव्हतं. गंज होता, हातोडी होती, आणि वर एक उरलेलं ताट होतं. हे या अख्ख्या गाडीत त्यांना एकट्यांना पक्कं ठाऊक होतं.

"कोण होतं?" महिपतने विचारलं.

गंगाराम थांबला. त्याला थांबायचं कुठे ते बरोबर कळायचं.

आणि सगळं ठाऊक असूनही, वाऱ्यात नीट ऐकू यावं म्हणून आपण कधी पदर कानामागे सारून त्याच्याकडे झुकलो ते यमुनाबाईंना कळलं नाही. कळलं तेव्हा त्या दिवसातला सगळ्यात जास्त संताप त्यांना त्याचाच आला.

"थांबलात का?" त्या खेकसल्या. "बोला की पुढे!"